डावीकडचा ब्रेक

दादा गेला तो सोमवार होता. त्याने चहा घेतला, बूट घालायला खुर्चीवर बसला आणि उठला नाही.

हे लिहायला मला बराच काळ लागला. मी एका कॉलेजात इतिहास शिकवते. पुरावा नसेल तर ‘असे म्हणतात’ एवढंसुद्धा लिहू नका, असं मुलांना सांगते. भूत, आत्मा, संकेत... घरात कोणी असले विषय काढले की मी पुस्तक घेऊन दुसऱ्या खोलीत जायचे. आजही जाईन. तरी जे झालं ते झालं तसं लिहिते आहे.

आम्ही जबलपूरचे. आई, दादा आणि मी, एवढंच घर. लग्न आम्हा दोघांनीही केलं नाही. दादाचं नेपियर टाउनमध्ये मोटर ट्रेनिंग स्कूल होतं — म्हणजे एक खोली, एक गाडी आणि दादा. शिकवायच्या गाडीत डावीकडे, शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की शिकवणारा गाडी सांभाळतो. मी तर रोजच गडबडायचे. दादाने हट्टाने मला शिकवायला घेतलं होतं.

“प्रोफेसर, तो आरसा केस पाहायला नाही लावला. मागं कोण आहे?”

“ऑटो.”

“तू थांबून राहिली हे त्याला कळलं का?”

“मला काय माहीत!”

“नाही कळलं. असंच धरायचं. रस्त्यावर कोणालाच काही कळत नाही असं समजून चालवायचं. ‘गलती उसकी थी’ हे अ‍ॅम्ब्युलन्समध्ये सांगून काय फायदा?”

म्हणून तो ब्रेक दोनदा दाबायचा. आधी हलकेच, मागच्याला लाल दिवा दिसावा म्हणून. मग थांबण्यासाठी. मी चुकले की गाडी अशी दोन टप्प्यांत थांबायची, आणि मग तो मुद्दाम क्लच सोडून द्यायचा. गाडी गचका देऊन बंद पडायची. “चलो, आता तुझी तू काढ.”

माझं शिकणं अर्धवट राहिलं. आईचं डायलिसिस मात्र आठवड्यातून दोनदा, आणि एकही खेप चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. नेणारा दादाच होता. नंतर काही दिवस ऑटोने नेलं. एकदा उतरताना ती पडता पडता वाचली, तेव्हा मी दुसऱ्या एका क्लासमध्ये जाऊन उरलेलं शिकले, लायसन्स काढलं आणि दादाची गाडी बाहेर काढली.

आईचे पाय मागच्या सीटवर दुमडत नाहीत, तिला पुढेच बसवावं लागतं. गोहलपुरातल्या मिस्त्रीने पाहताच सांगितलं, “दीदी, अम्मा का पैर फंसेगा इन पैडलों में.” मी डावीकडचा क्लच आणि ब्रेक दोन्ही काढून टाकायला सांगितले. ब्रेकचं रबर एका कडेला झिजून गुळगुळीत झालेलं होतं. मिस्त्री ते पिशवीत घालून देत होता. मी घेतलं नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी, एका दुपारी, आम्ही डायलिसिस करून परत येत होतो. आईचं बी.पी. त्या दिवशी फार खाली गेलं होतं. ती डोळे मिटून बसली होती. मी रस्त्याकडे पाहत होते खरी, पण लक्ष तिच्या श्वासाकडे होतं. पुढे डावीकडे एक बस थांबली होती. मी तिसऱ्या गिअरमध्ये होते. बसच्या बाजूने गाडी पुढे काढावी म्हणून अ‍ॅक्सिलरेटर दाबला...

गाडी हलकेच अडली. मग थांबली.

त्याच क्षणी बसच्या पुढून एक बाई रस्त्यात आली. कडेवर लेकरू, नजर पलीकडच्या दुकानाकडे. बॉनेटला हात टेकवून ती उभीच राहिली. माझ्याकडे पाहिलं, लेकराचं डोकं हाताने झाकलं आणि निघून गेली.

माझा उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरच होता. डावा खाली मॅटवर. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये उभी होती आणि इंजिन चालू होतं. गाडी चालवणाऱ्यांना कळेल — क्लच दाबल्याशिवाय हे होत नाही.

मग एक गचका बसला आणि इंजिन बंद पडलं.

मागचा ऑटोवाला उतरून खिडकीशी आला. मला वाटलं, भांडणार.

“मॅडम, आपकी लाइट दो बार जली तो हम संभल गए. वरना आज तो ठोक ही देते. किससे सीखी गाडी?”

“भाई से,” मी म्हणाले.

तो गेल्यावर आईकडे पाहिलं. तिने दोन्ही पाय सीटकडे ओढून घेतले होते. सुजलेले पाय, एरवी मलाच उचलून ठेवावे लागतात.

“आई, पाय काहून मागे घेतले?”

“तूच तर म्हणाली, पाय घे म्हणून.”

“मी काहीच बोलले नाही.”

“मग कोण बोललं?” तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि परत डोळे मिटले. “चल बाई, लोक हॉर्न देऊन राहिले.”

घरी आल्यावर मी टॉर्च घेऊन वाकून पाहिलं. पेडल होते तिथे दोन भोकं आणि थोडं ग्रीस. दुसरं काही नाही.

मी विचार केला आहे. शरीर मनाला न विचारताही शिकतं, हे मला पटतं. ब्रेक मीच दाबला असेन, क्लचही, आणि भीतीने आठवत नसेल. आई ग्लानीत होती, तिला भास झाला असेल. प्रत्येक गोष्टीला वेगवेगळं उत्तर सापडतं. ती सगळी त्या एका क्षणी एकत्र कशी आली, याचं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही. आईने तो विषय पुन्हा काढला नाही, मीही नाही.

त्यानंतर असं काही झालं नाही. मी वाट पाहिली नाही, असं म्हणणार नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी आईला नेते, परत आणते. दादा नाही.