विचारलं नाही

दर शनिवारी सकाळी अकरा वाजता मन्मथअप्पा औषधभांडाराच्या मागच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर सुरू करत आणि त्यात स्वतःचं नाव शोधत. 'मन्मथ शिवलिंगअप्पा, देवणी. हर्निया.' नाव पडद्यावर आलं की म्हणत, "हाय. मी हाय." मग आणखी चार पेशंटांची नावं काढत, कागदी फायलींशी ताडून बघत आणि वहीत सही करत.

नांदेडच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी प्रशासन पाहतो. अप्पा आमचा डेटाबेस सांभाळत. पेशंटांची माहिती, औषधांचा साठा, तपासण्या, बिलं असं हॉस्पिटलचं सगळं चोपडं त्यात असतं. त्याची प्रत रोज आपोआप निघायची. मग दर आठवड्याला हा खटाटोप कशाला, असं मी नवा असताना विचारलं होतं.

"निघती हे खरं," अप्पा म्हणाले. "पर उतरती का, हे उतरवल्याबिगर कसं कळावं, साहेब?"

म्हणून ते ती प्रत रिकाम्या कॉम्प्युटरवर उतरवून बघत. नाव शोधायला स्वतःचंच घेत, कारण त्यांचं ऑपरेशन आमच्याकडेच झालं होतं आणि आपल्याविषयी काय लिहिलंय ते त्यांना तोंडपाठ होतं. तपासणी झाली की ती प्रत असलेली डिस्क कापडात गुंडाळून जेवणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवत आणि दुपारच्या एसटीने लातूरला आमच्या शाखेत पोचवत. दोन प्रती एकाच छपराखाली ठेवल्या तर ती एकच प्रत झाली, असं त्यांचं गणित होतं. वाटेत डबा चोरीला गेला तर, असं मी विचारलं. डिस्कमधला मजकूर किल्लीशिवाय वाचता येत नव्हता, त्यामुळे ते निवांत होते. "चोर उपाशी राहील. भाकर मी आधीच खाल्लेली असती."

ती किल्ली, म्हणजे मुख्य पासवर्ड, त्यांनी दोन बंद पाकिटांत अर्धा अर्धा ठेवला होता. एक पाकीट माझ्या कपाटात, एक डॉक्टरसाहेबांच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या मालकांच्या. स्वतः ते दिवसभर साध्या लॉगिननेच काम करत. कुणी मॉनिटरवर पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली दिसली की न बोलता काढून खिशात घालत, आणि त्या माणसाला नवा पासवर्ड मागायला त्यांच्यापर्यंत यावं लागे. कुणाला काय दिसावं याचा त्यांनी तक्ता केला होता. आमच्या स्वयंपाकघराला पेशंटचा खाट क्रमांक आणि पथ्य दिसायचं, आजार दिसायचा नाही. तिथल्या मावशींनी एकदा तक्रार केली, तर अप्पा म्हणाले, "मीठ कमी घालायचंय ना, मावशी? का कमी घालायचं ते डॉक्टरला ठावं हाय."

त्यांचं-माझं एकदाच वाजलं, आणि चूक माझी होती.

पेशंटच्या नोंदीत 'औषधाची ॲलर्जी' असा एक रकाना आहे. तो भरलेला नसला की पडद्यावर पिवळा दिसायचा. वरिष्ठांपुढे मांडायच्या अहवालात अपूर्ण नोंदींचा आकडा माझ्या नावावर लागायचा. तो होता चार हजार एकशे बारा. मला अपूर्ण रकाना बघवत नाही. घरच्या गॅस सिलिंडरच्या तारखासुद्धा मी लिहून ठेवतो. मी हिशेब केला : ॲलर्जी असती तर लोकांनी सांगितली असती, सांगितली नाही, म्हणजे नाही. अप्पांना म्हटलं, सगळीकडे 'नाही' भरून टाका.

ते खुर्चीतून उठलेच. "साहेब, न्हाई म्हंजे इचारल्यावर न्हाई. इचारलंच न्हाई, त्येला न्हाई कसं म्हनावं?"

मी म्हणालो, अप्पा, शब्दांचा कीस काढू नका. डॉक्टरसाहेबांची लेखी परवानगी आणली. मग त्यांनी काम केलं, पण माझ्याकडून एक कागद लिहून घेऊन : काय बदललं, का बदललं, कुणाच्या सांगण्यावरून. आदल्या दिवसाची प्रत त्यांनी वेगळी काढली आणि तो कागद तिच्याभोवती गुंडाळून रबर लावलं. बाकी प्रती काही आठवड्यांनी पुसल्या जात. ही पुसायची नाही, असं वहीत लिहिलं. माझा आकडा शून्य झाला. वरून माझं कौतुकही झालं.

तीन महिन्यांनी एका शुक्रवारी भोकरची एक बाई तापाने दाखल झाली. ती आमची जुनी पेशंट होती. पडद्यावर 'ॲलर्जी : नाही' असं होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. इंजेक्शन दिलं आणि पाच मिनिटांत तिचा चेहरा सुजला, श्वास अडकला. डॉक्टर जवळ होते म्हणून वाचली. तिचा मुलगा बाहेर उभा राहून एकच वाक्य सांगत होता, "आमाला कुनी इचारलंच न्हाई."

तिची पहिली नोंद सिस्टर संगीताने केलेली होती. संगीता म्हणाली, "बाई तेव्हा बेशुद्ध होती, सोबत कुणी नव्हतं. मी रकाना रिकामा ठेवला होता." पण पडद्यावर 'नाही' होतं आणि खाली नोंद करणारी म्हणून तिचं नाव. डॉक्टरसाहेब संतापले. सोमवारपासून कामावर येऊ नकोस, असं तिला सांगून झालं. ती जिन्यात बसून रडत होती. तिच्या शेजारून मी खाली उतरलो. थांबलो नाही.

खरं काय ते दोघांनाच माहीत होतं, मला आणि अप्पांना. डॉक्टरसाहेबांनी परवानगीवर सही केली होती, पण रोजच्या वीस कागदांतला तो एक. त्यांच्या ध्यानातही नव्हता.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. अकरा वाजता मी त्या मागच्या खोलीत गेलो. अप्पांनी रबर काढून ठेवलं होतं. ते ती जुनी प्रत उतरवत होते. मी उभाच राहिलो. त्यांनी त्या दिवशी स्वतःचं नाव शोधलं नाही, भोकरच्या बाईचं शोधलं. रकाना पिवळा होता.

मला वाटलं आता बोलतील. बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. ते उठले, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि माझ्या अक्षरातला तो कागद टेबलावर ठेवला. "वर तुम्ही जाता का, मी येऊ संगं?"

मी न जाता त्यांनी एकट्याने जावं, हा पर्याय त्यांनी मला दिलाच नाही.

मी एकटाच डॉक्टरसाहेबांकडे गेलो. मला लेखी समज मिळाली, ती माझ्या फायलीत आहे. संगीता सोमवारी कामावर आली. पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही, मग एकदा औषधांच्या यादीवर सही घेताना म्हणाली, "साहेब, तुम्ही मला फक्त विचारायचं होतं."

पुढचा आठवडाभर मी आणि अप्पा त्या नोंदी निस्तरत बसलो. सगळी जुनी प्रत परत घातली असती तर मधल्या तीन महिन्यांचं काम बुडालं असतं. म्हणून अप्पांनी जुन्या आणि आताच्या नोंदी समोरासमोर लावल्या आणि दरम्यान ज्यांना खरोखर विचारलं होतं ते वगळून बाकीच्यांचा तेवढा एकच रकाना पुन्हा रिकामा केला. रिकामा रकाना पुन्हा कुणाला खुपू नये म्हणून तिथे तीन पर्याय ठेवायचं ठरलं. होय, नाही, आणि तिसरा मी सुचवला, 'माहीत नाही'.

अप्पांनी मान हलवली. "तसं लिवलं तर लोकांना वाटंल पेशंटलाच ठावं न्हाई. चूक आपली हाय. आपलीच दिसाय पायजे." आणि त्यांनी स्वतः टाइप केलं, 'विचारलं नाही'. रंग पिवळाच ठेवला.

अप्पा निवृत्त होऊन देवणीला गेले. जाताना मला त्या डब्याचं झाकण कसं घट्ट बसवायचं ते दाखवून गेले. मागच्या उन्हाळ्यात ते वारल्याचा त्यांच्या मुलाचा फोन आला. तेव्हा मी त्यांच्या जागी आलेल्या स्वातीकडे गेलो. नोंद पुसायची नाही, त्यावर फक्त 'मयत' लिहायचं, हा अप्पांचाच नियम.

शनिवार होता. तिने जुन्या कॉम्प्युटरवर प्रत उतरवली होती आणि सवयीने पहिलं नाव त्यांचंच घातलं होतं. "हे बघा सर, आहेत," ती म्हणाली. इतकी वर्षं शनिवारी ते नाव पडद्यावर यायचं, पण मी ते दारातूनच बघत आलो होतो. पूर्ण नोंद तेव्हा पहिल्यांदा वाचली. नाव, गाव, हर्निया, रक्तगट. त्याखाली पिवळा रकाना, 'विचारलं नाही'.

दाखल झाले तेव्हा काउंटरवरच्या सगळ्यांना वाटलं असणार, अप्पा काय, आपलेच. दर शनिवारी ते हा रकाना बघत असणार. स्वतः भरला असता तर कुणाला कळलंही नसतं.

स्वातीने विचारलं, "सर, हे 'नाही' करू का?"

मी म्हणालो, असू दे.