दिवेलागणीचं दार

मागच्या रविवारी आमच्या परंड्याच्या घरी आई आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरवर गेम खेळली. तोही मी बनवलेला... आणि मी शेजारी दहावीचा निकाल लागायचाय अशा चेहऱ्याने बसले होते.

आधी गेमबद्दल सांगते. यात पळापळ नाही, गोळीबार नाही. एक घर आहे, मी हाताने रंगवलेलं, आणि त्यातल्या वस्तूंवर क्लिक करत फिरायचं. पितळी तांब्या, खुंटीवरची टोपी, कोनाड्यातली बॅटरी... प्रत्येक वस्तू एकेक आठवण उघडते. सगळ्या आठवणी गोळा झाल्या की संध्याकाळ होते. मग दिवा लावायचा आणि बाहेरचं दार लावून घ्यायचं. दार लागलं की चित्र हळूहळू फिकट होतं आणि गेम संपतो.

ते घर आमचंच आहे. टोपी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आप्पा कुर्डुवाडीला एका कापड दुकानात कामाला होते. सकाळच्या एसटीने जायचे, दिवेलागणीच्या गाडीने परत यायचे. ते गेल्यापासून आई त्यांच्याबद्दल अवाक्षर काढत नाही. विषय निघालाच तर उठून काहीतरी निवडायला घेते.

गेम बाहेर काढण्याआधी काही मित्रमैत्रिणींना खेळायला दिला होता. एकाने लिहिलं, दार लागलं आणि डोळ्यात पाणी आलं. एकीने गेम संपल्या संपल्या स्वतःच्या आईला फोन लावला. एक महाशय म्हणाले, छान आहे, पण मला झोप लागली... त्यांचंही चुकलं नाही, गेम जरा पेंगतच चालतो. शेवट मात्र सगळ्यांना आवडला. या गेमचं प्रोग्रॅमिंग करणारा माझा मित्र सुमित तर म्हणाला, बाकी काहीही बदल, शेवटाला हात लावू नकोस.

पण आईला दाखवल्याशिवाय मला पुढे जायचं नव्हतं. घर तिचं, माणूस तिचा. तिला दुखलं तर हा गेम कुणालाच द्यायचा नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं.

सुरुवातीला तिने माउस भाकरी थापावी तसा थापला. बाण जाऊन कोपऱ्यात बसला. मग जमलं... पण ती घरात शिरेचना. उंबऱ्यापाशी नुसती क्लिक करत राहिली.

"काय करतीस गं आई?"

"चपला काडायच्यात की. कुठं काडू?"

माझ्या गेममध्ये चपला काढायची सोयच नव्हती! इतके जण खेळले, सगळे तसेच आत घुसले होते. मी म्हटलं, तू अनवाणीच आलीयेस असं समज. मग कुठे बाईसाहेब आत गेल्या.

टोपीपाशी जरा थांबली. तांब्या बघून म्हणाली, "ह्याला पोचा हुता. तू न्हाय काडला." बाहेर खरोखरच संध्याकाळ होत आली होती आणि पडद्यावरही. दोन्हीकडचा उजेड एकाच रंगाचा झाला... मला मधेच कळेना, लिंबाची सावली हलतेय ती आमच्या अंगणातली की मी काढलेली.

आईने गेममधला दिवा लावला. माउस सोडून हात जोडले. आता फक्त दार राहिलं होतं. 'मला लाव' म्हणून ते मंद चमकत होतं, आणि आई त्याच्याकडे बाण नेईना.

"दारावर क्लिक कर ना."

"आत्ता तर दिवा लावला. दिवेलागणीला दार लावत्यात व्हय?"

"अगं, लावलं की संपतो गेम."

"मंग नगं संपवू." मग ती हळूच म्हणाली, "ह्यांची गाडी बी आली न्हाय अजून."

कुणी येणार नाही हे तिलाही ठाऊक, मलाही. पण 'ह्यांची' हा शब्द या घरात किती दिवसांनी ऐकला... आई उठली, देवापाशी खरा दिवा लावून आली आणि पुन्हा शेजारी बसली. घराचं दार सताड उघडं होतं. पडद्यावरचंही.

आम्ही दोघी नुसत्या बसून राहिलो. गेममध्ये त्या वेळी आमच्याच ओट्यावर मोबाइलवर रेकॉर्ड केलेली एक संध्याकाळ वाजत असते. पाखरं, वारा, कुणीतरी कुणाला मारलेली हाक... खेळणारे पटकन दार लावून मोकळे होतात, त्यामुळे ते रेकॉर्डिंग शेवटपर्यंत कुणी ऐकलंच नव्हतं. मीसुद्धा.

आणि मग त्यात लांबून हॉर्न वाजला. स्टँडात वळताना गाडीवाले देतात तसा, लांबलचक.

आईचा चेहरा असा काही उजळला... "आली बग," म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

मी तिथेच बसून रडले, सरळ सांगते. आतून तिचा आवाज येत होता. त्यांना चहात साखर कशी जास्त लागायची, गाडी हुकली की घरी येऊन सगळा राग कसा पिशवीवर काढायचे... ती बोलतच होती. मी डोळे पुसून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले आणि चहा निवला तरी ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी सुमितला फोन केला. म्हटलं, शेवट बदलायचा, दार लावताच येता कामा नये. त्याने आधी डोक्याला हात लावला, पण केलं सगळं. उंबऱ्यापाशी चपला काढायची जागा केली. तांब्यावरचा पोचा मी रंगवला.

काल नवा गेम पुन्हा सगळ्यांना पाठवला. पहिला मेसेज त्या झोप लागलेल्या महाशयांचाच आला. "दार लागत नाहीये. गेममध्ये बग राहिलाय का?"

मी लिहिलं, बग नाही. आमच्याकडे दिवेलागणीला दार लावत नाहीत... थोडं थांबा, गाडी येईल.