घरी सापडलेली सून

चैतालीला एक खोड होती. वाचायला दिलं की ती वाचायची. ऐकायला साधं वाटतं, पण पीएच.डी. करणाऱ्यांच्या कुठल्याही टोळक्यात जाऊन बघा, दुसऱ्याचं प्रकरण शेवटच्या पानापर्यंत वाचणारं माणूस औषधालाही सापडायचं नाही. चैतालीच्या मार्गदर्शक सरांनी आपल्या विद्यार्थ्यांना नियम घालून दिला होता. प्रबंध सादर करण्याआधी आकडेवारीचं प्रकरण बरोबरीच्या एका विद्यार्थ्याने तपासायचं, लेखी अभिप्राय द्यायचा, खाली सही ठोकायची. नियम झकास. पाळला कसा जायचा, तर बरोबरीचा राकेश 'छान' लिहायचा, राकेशला दुसरा कुणी 'उत्तम' लिहायचा आणि सगळे मिळून मिसळ खायला जायचे. चैताली तेवढी पेन्सिल घेऊन बसायची.

नाशिक रोडला दोन खोल्यांचं घर, नवरा हर्षल एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, ती स्वतः कॉलेजात तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवणारी. लग्नाला अकरा वर्षं होऊन गेलेली आणि मूल नाही. तिने लोकसंख्या हा विषय घेतला तेव्हा हर्षलच्या एका मावशीने, 'स्वतःचं नाही म्हणून लोकांची मोजत फिरते' असा टोमणा मारलाच. नामपूरच्या सासूबाई, शकुबाई, यांनी सुरुवातीची नऊ वर्षं डॉक्टर, वैद्य, नवस, काही म्हणून सोडलं नाही. मग थकल्या. गेली दोन वर्षं फोनवर कांद्याचा भाव, हवापाणी, आणि 'ठेवते' एवढंच. ही शांतता चैतालीला कुणी फुकट दिली नव्हती.

तिला पीएच.डी.कडे ओढलं ते उज्वलाताईंनी. त्याच कॉलेजात कायमच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, हुशार आणि तोंडाळ. चैतालीची फी भरायची शेवटची तारीख त्यांनीच लक्षात ठेवली होती, मुलाखतीला स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवून नेलं होतं. त्याही त्याच सरांकडे पीएच.डी. करत होत्या; पुढच्या वर्षी प्राचार्यांची जागा रिकामी होणार होती आणि त्यासाठी त्यांना पदवी हवी होती. मुदतवाढ मिळून मिळून संपलेली. जूनअखेर प्रबंध गेला नाही तर सगळंच गेलं. अशा वेळी त्यांचं प्रकरण तपासायला आलं चैतालीकडे.

बागलाणातल्या, म्हणजे नामपूर-सटाण्याकडच्या गावांत नव्या सुनांना पहिलं मूल केव्हा होतं, हा ताईंचा विषय. चारशेच्या वर घरं त्यांनी पालथी घातली होती. निष्कर्ष मोठा दणदणीत होता. खेड्यातल्या मुली आता थांबतात, पहिलं मूल पूर्वीपेक्षा खूप उशिरा होतं. सर खूश होते. एका परिषदेत टाळ्याही पडल्या होत्या.

चैतालीची पेन्सिल अडली ती एका साध्या कोष्टकापाशी. लग्नाला एक-दोन वर्षं झालेल्या इतक्या सुना, आणि त्यांच्यात एकीलाही सातवा महिना उलटलेला नाही? एकीच्याही मांडीवर तीन महिन्यांच्या आतलं बाळ नाही? मग तिने खालची बारीक अक्षरातली टीप वाचली. भेटीच्या वेळी ज्या सुना घरी नव्हत्या ती घरं वगळली आहेत. अशी घरं शंभराला टेकलेली.

आता पहिलं बाळंतपण माहेरी होतं हे सांगायला का संख्याशास्त्र लागतं? सातव्यात ओटी भरून पोरगी माहेरी जाते, बाळ जरा मान धरायला लागलं की परत येते. म्हणजे ज्यांना लवकर दिवस गेले त्याच घरी नव्हत्या. ज्यांना अजून काही नव्हतं त्या दारात उभ्या होत्या, आणि ताईंनी त्यांनाच मोजलं. निष्कर्ष निघणारच होता. चारशे घरं फिरलेल्या बाईला, जिने स्वतः पहिली लेक माहेरी जन्माला घातली, तिला हे दिसू नये!

चैतालीने ते कागदावर उतरवलं नाही. आधी तोंडी सांगावं म्हणून ती जेलरोडला ताईंच्या घरी गेली. मे महिना, दुपार. पुढच्याच खोलीत आरोही, ताईंची मुलगी, पलंगावर पाय लांब करून मीठ लावलेली कैरी खात बसलेली. आठवा लागला होता तिला. सासर निफाडचं, बाळंतपणाला इथे आलेली.

चैतालीने कोष्टक दाखवलं, टीप दाखवली. वगळलेल्या घरी पुन्हा जावं, सून नसली तर सासूला विचारावं, महिना-दीड महिन्याचं काम आहे, मीही येते, असं म्हणाली. ताईंनी आधी हसण्यावारी नेलं, मग जून, मुदत, सर, सगळं ऐकवलं. शंभर घरांनी काय आभाळ कोसळतं, म्हणाल्या.

"ताई," चैताली म्हणाली, "आत्ता आरोहीच्या सासरी कुणी सर्वेक्षणाला गेलं, तर आरोही सापडेल का?"

"सासू सांगेल की तिची."

"तुम्ही विचारलंत सासूला?"

ताईंचा चेहरा उतरला. त्यांना कळलं होतं. लख्ख कळलं होतं, आणि म्हणूनच त्या पुढचं बोलल्या.

"तुला गं काय ठाऊक बाळंतपणाला माहेरी जाणं-येणं? तू कधी गेलीस?"

पंखा फिरत होता. आरोहीने वाटी खाली ठेवली आणि ओढणी ओढून पोट झाकून घेतलं. दुष्ट मुलगी नव्हती ती. हात आपोआप गेला, बस. चैतालीला ताईंच्या बोलण्याइतकाच तो हात लागला.

"नाही गेले," ती म्हणाली. "म्हणून तर मी तुमच्या आकड्यांत कायम बसते, ताई. कुणीही कधीही या, मी घरी सापडते."

ताई चहा ठेवायला उठल्या. चहा न घेता निघणं चैतालीला जमलं नाही, तोही ती प्यायली.

आता खरं तर लिहायला हवं होतं. पण घरी येऊन कागद पुढे ओढल्यावर तिला दिसायला लागलं, की आता काहीही लिहिलं तरी ते कोष्टकाबद्दलचं म्हणून कुणी वाचणार नाही. वांझोटीचा जळफळाट म्हणून वाचतील. सरांना विचारलं तर ते म्हणाले, किरकोळ आहे, पुढच्या संशोधनासाठी सूचना म्हणून टाका, एवढ्या ज्येष्ठ बाईंना अडवायचं का? दोन दिवस तिने कागद तसाच ठेवला. मग 'पद्धती समाधानकारक' असं लिहिलं आणि सही केली. पेन्सिलच्या खुणा खोडरबराने पुसून प्रकरण परत दिलं.

ताईंना पदवी मिळाली. आरोहीला मुलगा झाला. पदवीच्या सत्काराचं बोलावणं चैतालीला आलं, बारशाचं आलं नाही. तिचं स्वतःचं प्रकरण राकेशकडे गेलं होतं, ते 'छान' होऊन परत आलं. पानं एकमेकांना चिकटलेली तशीच होती.

दिवाळीनंतर शकुबाईंचा फोन आला. नामपूरला महिलांचा मेळावा झाला होता, मंगल कार्यालय गच्च भरलेलं, आणि पाहुण्या म्हणून आल्या होत्या उज्वला मॅडम. सासूबाईंच्या आवाजात दोन वर्षांत नव्हता असा जोर होता.

"तुझ्या त्या मॅडमनी आकडे काढून सांगितलं बाई, आता समद्यांनाच उशिरा होतं. लय उशिरा. म्या उगाच धीर सोडला. सटाण्याला एक नवी डॉक्टरीण बसती, तिच्याकडं नंबर लावलाय."

चैताली म्हणाली, आई, ते आकडे बरोबर नाहीत.

"त्या एवढ्या मोठ्या बाई खोटं सांगत्यात व्हय? आन् तपासल्याबिगर देत्यात का असं?"

यावर चैतालीकडे उत्तर होतं. तिने दिलं नाही.

रविवारी सकाळच्या एसटीने शकुबाई आल्या. पिशवीत जुने रिपोर्ट, एक नारळ आणि कुठल्याशा मुळीची पुडी. हर्षल पहिल्या पाळीला गेला होता. त्यांनी दाराची कडी वाजवली. चैताली घरीच होती.