जिनिंगमागचं घर

परभणीत आमचं पहिलं भाड्याचं घर कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या मागं होतं. मी कृषी विद्यापीठात कारकून, बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका. दिवाळीनंतर कापूस आला की जिनिंगवाले रोज संध्याकाळी कचरा आवारातच पेटवायचे. धूर थेट आमच्या खिडकीत यायचा.

तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात बायकोच्या डाव्या डोळ्याला अंधुक दिसायला लागलं. ते बरं झालं, तर पाय बधिर झाले. शेवटी हैदराबादच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरॉसिस. मज्जातंतूंवरचं आवरण शरीर स्वतःच खातं, म्हणाले.

तिनं विचारलं, "धुरानं वाढतं का हे?"

"तसं कुठं लिहिलेलं नाही. पण छातीचं दुखणं, ताप टाळा. पाय गळाला तर इंजेक्शनं लगेच सुरू करा."

पुढच्या हंगामात तीन दिवस धूर घरात कोंडला. तिला खोकला झाला, ताप चढला. चौथ्या सकाळी तिनं पलंगावरून पाय खाली टेकवला आणि तशीच जमिनीवर बसली. "उजवा पाय माझा वाटंना झालाय," ती म्हणाली.

त्याच दिवशी नामांतराचा बंद होता. रिक्षा एकही नव्हती. मी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं, जुन्या साडीनं माझ्या कमरेशी बांधलं आणि निघालो. चौकात टायर जळत होते. वीस-पंचवीस माणसं रस्ता अडवून उभी होती.

"मागं फिरा," एकजण म्हणाला.

"दवाखान्यात जायचंय."

"आज सगळेच दवाखान्यात जायलेत. आडनाव काय?"

त्या दिवसांत आडनावावरून जात बघायचे. समोरचा जमाव नामांतराच्या बाजूचा की विरोधातला, ते मला कळत नव्हतं. तेवढ्यात वारं फिरलं आणि काळा धूर आमच्यावर आला. ती खोकत माझ्या पाठीवर वाकली. माझ्या कमरेवरची तिची पकड सैल पडली.

"मला दिसंना झालंय," ती मलाच ऐकू येईल असं बोलली. मग मान वर करून त्यांना म्हणाली, "मी शाळेत शिकवते. माझा पाय चालंना. आडनाव सांगितल्यावर चालणाराय का तो?"

एक वयस्क माणूस पुढं आला. तिचा लोंबणारा पाय त्यानं पाहिला, काठीनं जळता टायर बाजूला ढकलला. स्वतःचा रुमाल भिजवून माझ्या हातात दिला. "बाईच्या तोंडाला लावा. जावा लवकर."

इंजेक्शनं वेळेत मिळाली. नजर आठवड्यात परतली. पाय दोन महिन्यांनी, तोही काठीच्या आधारानं.

मी जिनिंगच्या मॅनेजरकडं गेलो. "एवढ्या वस्तीत तुमच्याच बाईला धूर कसा बाधतो?" त्यानं विचारलं. महिना संपायच्या आत आम्ही विद्यापीठाच्या शेतांकडं घर बदललं. आजार थांबला नाही. पण पुढचा हिवाळा ताप न येता गेला. ती खुर्चीवर बसून अनेक वर्षं शिकवत राहिली.

पुष्कळ वर्षांनी पेपरात एक छोटी बातमी आली. हवेतल्या धूर-धुळीचा या आजाराशी संबंध असू शकतो, म्हणून परदेशातले संशोधक ते तपासायला लागले होते. मी वाचून दाखवली.

"असू शकतो, एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच."

"मग आपलं काय झालं ते त्यांना कळवू."

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. तिच्या बोटांत तेव्हा पेन ठरत नव्हतं, नजरही अंधुक झाली होती. कागदावर सहीची जागा कुठली, ते तिनं दोनदा विचारलं, सही मात्र स्वतः केली.