कट वाढणारे काका

शेजारी बसलेल्याचं आडनाव कळल्याशिवाय तुमच्या घशाखाली घास उतरत नाही का?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिसळीचं हॉटेल आहे. रविवारी दहाच्या सुमाराला मी तिथं जातो. मिसळीवरचा तिखट कट वाढायला एक काका असतात. ते कुणाला विचारत नाहीत. बशी कोरडी दिसली की पळी ओततात. इतकी वर्षं जातोय, पण त्यांनी माझं नाव विचारलेलं नाही. सगळ्यांनाच ते ‘पावणं’ म्हणतात.

परवा शेजारच्या टेबलावर उचगावचा एक तरुण बसला होता. त्याच्या समोर बसलेल्या गृहस्थांनी त्याला आधी गाव विचारलं, मग आडनाव. ते ऐकल्यावर गृहस्थ बशी उचलून दुसऱ्या टेबलावर गेले. तरुणाचा हात ब्रेडवरच थांबला. तो उठायच्या बेतात होता. माझ्या पिशवीत समतेची पत्रकं होती, आणि मी खाली मान घालून खात होतो.

काकांनी आधी तरुणाच्या बशीत कट ओतला. “बसा पावणं, खावा निवांत.”

मग ते गृहस्थांकडं वळले. “तिकडं का गेलासा?”

“तिथं उकडत हुतं.”

“कट एकाच पातेल्यातला हाय की. हितंबी उकडणारच.”

दोघंतिघं हसले. तरुण मात्र हसला नाही. त्यानं सावकाश बशी संपवली, पण समोरची खुर्ची शेवटपर्यंत रिकामीच राहिली. मी तिथं जाऊन बसू शकलो असतो.

असं कुणी उठून गेलं, तर वाढणाऱ्याच्या तोंडाकडं बघत राहू नका. आपली बशी उचला आणि त्या जागी जाऊन बसा.