पुलपिटवरचा पंखा

शांतवनमामा गेल्यापासून आमच्या चर्चबाहेर चहाला दोन माणसं उभी राहिली की मामांचा एक किस्सा निघतोच, आणि चहा संपेपर्यंत त्याचे तीन होतात. त्यातले काही खरेही आहेत. इथे सांगतोय ते मी स्वतः पाहिलेले आहेत; निदान मला तरी तसं वाटतं.

मामा म्हणजे हैदराबादेत नारायणगुड्याजवळच्या आमच्या छोट्या मराठी मंडळीचे सेवक. झाडलोट, घंटा, माईक, किल्ल्या, सगळं त्यांच्याकडे. त्यांच्या स्मरण-उपासनेत कोणी बोलावं असं विचारल्यावर मामींनी माझं नाव सांगितलं. माझं! मी तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक. पाळकसाहेब परगावी असले की उपासनेतलं प्रवचन, आमच्या भाषेत संदेश, मी देतो. कुठे थांबावं हे मला जन्मात कळलेलं नाही, आणि पहिल्या बाकावर बसणाऱ्या मामींना हे चांगलंच ठाऊक आहे.

*

मामांची एक पद्धत होती. संदेश लांबला की ते उठायचे, भिंतीवरच्या बोर्डापाशी जायचे आणि पुलपिटवरचा, म्हणजे बोलणाऱ्याच्या डोक्यावरचा, पंखा बंद करायचे. फक्त तेवढाच. हैदराबादचा मे महिना, अंगात कोट! भलेभले दोन वाक्यांत ‘आमेन’वर यायचे.

माझा पंखा तर दर वेळी बंद व्हायचा. एकदा धीर करून विचारलं, “मामा, माझं काही चुकलं का?”

“चुकलं नाही, सर,” खिडक्या लावता लावता ते म्हणाले. “संपलं होतं.”

*

एका लग्नात नवरीला यायला उशीर झाला. तिची गाडी सुलतान बाजारच्या गर्दीत अडकलेली. नवरदेव पुण्याचा, आयटीतला. सारखा फाटकापर्यंत जाऊन परत येत होता.

मामांनी त्याला खुर्ची आणून दिली. “बसा हो, जावईबापू. नाहीच आली तर मी सांगतो की तुम्हाला!”

*

एकदा बिशपसाहेब आले आणि त्यांची गाडी बरोबर दारात उभी राहिली. मामांनी ड्रायव्हरला ती हटवायला सांगितली.

ड्रायव्हर भडकला. “चाचा, बिशप साब की गाडी है!”

“साब कू अंदर भेजो,” मामा म्हणाले. “गाडी कू क्या दुआ करना है?”

*

शेवटच्या आजारात मामा दवाखान्यात होते, तेव्हा पाळकसाहेब आणि मी भेटायला गेलो. पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. मामांसाठी झाली, वॉर्डासाठी झाली, शहरासाठी झाली, देशाच्या पुढाऱ्यांपर्यंत पोचली. मी डोळे किलकिले केले. तसं करू नये, पण केले. मामांचा हात उशामागची भिंत चाचपडत होता. एक बटण सापडलं. मामांनी ते दाबलं.

ते नर्सला बोलवायचं बटण होतं. ती धावत आली. “एमैंदी, तात? क्या हुआ?”

“आमेन,” मामा म्हणाले.

*

स्मरण-उपासनेला चर्च भरलं होतं. सकाळच्या तेलुगू उपासनेचे लोकही थांबले होते. मी कागद हातात घेऊन उभा राहिलो. नवरीचा किस्सा सांगितला, गाडीचा सांगितला. लोक हसले. मग कागदावर नव्हतं तेही बोलायला लागलो. सवयीने मान बोर्डाकडे वळायची, पण तिथे कोणी नव्हतं. म्हणून मी बोलतच राहिलो. संपलं की नाही, हे सांगणार कोण?

तेवढ्यात पहिल्या बाकावरून मामी उठल्या आणि पदर सावरत बोर्डाकडे निघाल्या. सगळ्या चर्चच्या माना वळल्या. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मी चष्मा काढला, कागदाची घडी घातली आणि ‘आमेन’ म्हणायला तोंड उघडलं.

मामींनी रेग्युलेटर फिरवला. पंखा दोनवरून पाचवर गेला.

“बोला, सर,” त्या तिथूनच म्हणाल्या. “अजून संपलं नाही.”