कपाट उघडायचं राहिलं

इटलीला जायचं होतं ते लेकीला. मी नुसती तिच्या सोबतीला जाणार होते. ऑकलंडमध्ये ती बँकेत नोकरीला होती, पण शनिवार आला की आमच्या माउंट रॉस्किल भागातल्या हॉलमध्ये शिवणाऱ्या-विणणाऱ्या बायकांच्यात जाऊन बसायची. त्याच बायकांची ही सहल. लेस कुठे करतात, रेशीम कुठे रंगवतात, लोकर कुठे काततात, हेच बघत हिंडायचं. चर्च आणि पुतळे वाटेत लागले तर बघायचे. तिनं आमची दोघींची नावं घातली तेव्हा तिची केमो चालू होती. डोक्याला रुमाल बांधून सोफ्यावर बसली होती. म्हणाली, "आई, जन्मभर लोकांच्या साड्यांना फॉल लावलेस. आता दुसऱ्यांचं काम नुसतं बसून बघ."

तिकडच्या जुलैच्या थंडीत ती गेली. सहल पुढच्या जूनमध्ये होती.

मी सोलापूरची. चौथीनंतर शाळा सुटली आणि हातात सुई आली. फॉल, ब्लाउज, परकर, यावरच घर चाललं. लेक लग्न होऊन ऑकलंडला गेली तरी तिच्या प्रत्येक साडीचा परकर मीच शिवायचे. ती साडीचा फोटो पाठवायची आणि मी दुकानात जाऊन त्याच रंगाचं सुती कापड शोधायचे. फोटोतला रंग खरा नसतो, म्हणून दुकानदाराशी वाद व्हायचे. नात झाली तेव्हा मी तिकडे गेले ती राहूनच गेले.

लेक गेल्यावर माझ्या मनात एकच होतं. तिच्या साड्यांची गोधडी करून नातीला द्यायची. नात तेव्हा सात वर्षांची. तिला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. आईच्या आठवणी तिला पुढं किती राहतील, देव जाणे. गोधडी तरी अंगावर राहील.

पण आमच्या घरात गेलेल्या माणसाच्या कपड्याला वर्ष होईपर्यंत सुई लावत नाहीत. काही घरांत कपडे दहाव्यालाच देऊन टाकतात. आमच्यात तसेच ठेवतात आणि वर्षश्राद्ध झालं की मग काय ते करतात. माझ्या आईचं असंच केलं होतं, सासूचंही. म्हणून मी तिच्या साड्यांचं कपाट वर्षभर उघडलं नाही. ते माझ्याच खोलीत होतं. उघडलं असतं तर वास आला असता, साड्या दिसल्या असत्या आणि हात थांबला नसता. म्हणून तिकडे पाठ करून झोपायचे. माझे कपडे बॅगेतच असायचे.

जावयांना यातलं काही सांगितलं नव्हतं. आमच्याकडे सासू जावयाशी समोरासमोर फारसं बोलत नाही. लेक होती तोवर सगळं तिच्या तोंडून व्हायचं. नंतर नात मधे आली. मी म्हणायचे, "बाबांना सांग, जेवायला वाढलंय." नात ओरडायची, "डॅड, फूड!" ते जेवायचे. चांगले होते बिचारे, आजही आहेत. पण त्यांच्याच घरात त्यांच्या बायकोच्या वस्तू मागायच्या कशा? वर्ष झालं की नातीकरवी विचारीन, असं मी ठरवलं होतं.

मे महिन्यात त्यांनी सांगितलं की हॅमिल्टनला, ‘ते रापा’ नावाच्या भागातल्या दुधाच्या फॅक्टरीत नोकरी मिळाली आहे, ऑगस्टमध्ये नातीला घेऊन तिकडे राहायला जायचं. मी जावयाच्या घरी किती राहणार? सोलापूरला मुलाकडे परत जायचं ठरलं. म्हणजे जूनअखेर इटलीहून यायचं, जुलैत वर्षश्राद्ध, आणि मग घर हलेपर्यंत गोधडी पुरी करायची. वेळ थोडा होता, पण हात लावला की होईल असं वाटत होतं.

सहलीला मी नकोच म्हणत होते. जावई स्वतः येऊन बोलले. "आई, जाऊन या. तिनं तुमच्यासाठी ठरवलं होतं." मी पासपोर्ट शोधायला लागले.

लेकीच्या जागी तिची हॉलमधली मैत्रीण आली. पुण्याची, नवरा आयटीत, तोंडाची फटकळ. मला काकू म्हणायची. आम्ही दोघी एका खोलीत. बाकी सगळ्या ऑकलंडच्याच गोऱ्या बायका, माझ्याच वयाच्या, पायात चांगले बूट आणि गळ्यात स्वतः विणलेले स्कार्फ.

पहिल्या सकाळी मैत्रिणीनं कॉफीचा एवढासा कप उचलून बघितला. "काकू, ही कॉफी आहे की खोकल्याचं औषध?"

"गप पी. त्या बघतायत."

"बघू देत. तुम्ही मात्र काहीतरी बोला बाई. गप्प बसलात की यांना वाटतं तुम्हाला आवडलंच नाही."

मला आवडत नव्हतं असं नाही. कोमोला रेशमाच्या कारखान्यात एकेक रंग वेगळा छापताना दाखवला. सगळ्या पुढं सरकून फोटो काढत होत्या. मी मागं उभी राहून बघायचे आणि एखादा चांगला रंग दिसला की शेजारी मान वळवायचे, सांगायला. शेजारी मैत्रीण असायची. असं पुन्हा पुन्हा व्हायचं.

बुरानोच्या बेटावर एक म्हातारी लेस करत बसली होती. मांडीवर उशी, उशीवर कागद, कागदावर टाके. गाइडनं सांगितलं की एका कामात बऱ्याच बायका असतात. प्रत्येकीचा टाका वेगळा, आपला टाका घालून झाला की काम पुढच्या बाईकडे द्यायचं. भिंतीवर काचेत एक टेबलक्लॉथ होता. त्याचा मधला भाग मोकळाच होता, नुसता कागद दिसत होता. म्हातारी त्याच्याकडे बघून काहीतरी बोलली. तिचं बोलणं गाइडनं इंग्रजीत आणि मैत्रिणीनं मराठीत केलं. "ती म्हणते, मधला टाका घालणारी तिची बहीण होती. ती गेली. तो टाका हिला येत नाही, म्हणून तसाच ठेवलाय." बायका हळहळल्या. म्हातारीनं चष्मा पुसला आणि पुन्हा खाली बघून कामाला लागली.

प्रातो नावाच्या गावात जुन्या कपड्यांची गोदामं दाखवली. तिथे जगभरातून जुने लोकरी कपडे येतात, ते फाडून पुन्हा लोकर करतात आणि नवीन कापड विणतात. छपराला लागतील एवढे ढीग. रंगारंगाचे वेगळे. एक माणूस खाली बसून कोटांची अस्तरं आणि बटणं काढत होता. त्याच्या हातात लहान मुलाचा तांबडा कोट आला. कॉलरच्या आत कुणीतरी नावाची पट्टी हातानं शिवली होती, बारीक टाक्यांत. त्यानं कात्रीनं ती काढली, अस्तर ओढून काढलं आणि कोट तांबड्या ढिगावर फेकला. सगळं एका दमात. आमच्यातल्या एकीनं टाळ्या वाजवल्या. मला तिथं उभं राहवेना. मी बाहेर बसमध्ये जाऊन बसले.

मैत्रीण मागून आली. "काय झालं? धुळीचा त्रास?"

तेव्हा मी तिला गोधडीचं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी.

ती ऐकून म्हणाली, "जावयांना माहीत आहे ना?"

"वर्ष झालं की सांगीन."

"काकू, त्यांना स्वप्न पडणार आहे का? थांबा, मी आत्ता फोन लावते."

"नको. असलं फोनवर बोलतात का? आणि वर्षाच्या आत विषयच काढायचा नाही."

"मग नातीला सांगा."

"तिला सांगितलं तर ती लगेच ओरडून सांगेल."

"मग बरंच होईल की!"

मी तिचा हात धरून फोन पर्समध्ये ठेवायला लावला. ती खिडकीकडे तोंड करून बसली. तशीच म्हणाली, "तुमची लेक पण अशीच होती. दुखत असलं तरी हॉलमध्ये गप्प बसून टाके घालायची."

त्याच आठवड्यात नातीचा फोन आला, चेहरा दिसणारा. मागे खोकी दिसत होती. "आजी, डॅड इज क्लीनिंग हीप्स." हीप्स म्हणजे खूप. मला वाटलं, घर हलवायचं म्हणून स्वयंपाकघर आवरतायत. मी म्हटलं, "बाबांना सांग, जड उचलू नका."

ऑकलंडला उतरलो तेव्हा पाऊस आणि बोचरा वारा होता. घरी जावयांनी मुगाची खिचडी करून ठेवली होती. जेवण झाल्यावर ते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "आई, जरा बघा."

कपाट उघडं होतं. आतून पुसलेलं, लिंबाच्या साबणाचा वास. त्यात माझ्या साड्या टांगल्या होत्या, घरी ठेवून गेलेल्या बॅगेतल्या. चार-दोन सुती आणि एक चांगली. बाकी सगळं मोकळं.

"एवढे दिवस बॅगेतून काढत होता तुम्ही," ते म्हणाले. "मला बघवत नव्हतं. तिचं सगळं देऊन टाकलं. तुम्ही असताना नको म्हटलं. वर्षभर तुम्ही या कपाटाकडे नजरसुद्धा टाकत नव्हता." त्यांनी एकट्यानं ते केलं होतं, एकेक साडी हँगरवरून काढून. मला ते दिसत होतं.

मी म्हणाले, "बरं केलंत."

वर्षभरात मी त्यांच्याशी सरळ बोललेलं ते पहिलंच वाक्य असेल.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला फोन केला. ती गाडी घेऊन आली, रागावलेली. दिलेले कपडे विकणारी दुकानं तिथे बरीच, त्यांना ऑप-शॉप म्हणतात. आम्ही एकेक करून हिंडलो. एका दुकानात काउंटरवरच्या म्हाताऱ्या बाईंना आठवलं. साड्या ठेवल्या त्याच दिवशी गेल्या म्हणे. काही एका शाळेनं नाटकासाठी नेल्या, काही पडद्यांसाठी, आणि एका बाईनं जमिनीवर लोळणाऱ्या पायघोळ झग्यांसाठी. ब्लाउज त्यांच्याबरोबरच गेले. काउंटरवरच्या बाईंनी मैत्रिणीला विचारलं की साड्या कुणाच्या होत्या. मैत्रिणीनं सांगितल्यावर त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

मग त्या आत गेल्या आणि एक पोतं घेऊन आल्या. चिंध्यांचं. न खपलेले कपडे गॅरेजवाल्यांना हात पुसायला देतात, त्यातलं. त्यांना ते काय आहे ते कळलं नव्हतं. नाडीचे लांब घागरे, कोण घेणार?

परकर होते. सगळे. मी शिवलेले.

एकेक काढला तसा रंगावरून साडी कळत गेली. डाळिंबी म्हणजे पहिल्या दिवाळीची इरकली. शेवाळी म्हणजे डोहाळजेवणाची. मोरपंखी रंगावरून दुकानदाराशी भांडले होते आणि तरी तो जरा फिका निघाला होता. त्यावर ती फोनवर हसली होती, "आई, खाली कोण बघतंय?" शेवटच्या काही परकरांच्या कमरेला तिनं स्वतः टाके घालून घेर कमी केला होता. आजारपणात ती बारीक होत गेली. एकात थोडा, पुढच्यात जास्त. मी दुकानातच खाली बसले.

जुलैत वर्षश्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी मी कात्री घेतली. घेर उसवले, पट्ट्या काढल्या, रंगाला रंग लावून मांडल्या. तिचे ते कमरेचे टाके मात्र उसवले नाहीत. तो भाग तसाच मधोमध ठेवला.

संध्याकाळी जावई कामावरून आले. जमिनीवर पसरलेलं बघून थांबले. नातीला म्हणाले, "आजी काय करतेय?"

मी नातीला म्हटलं, "सांग, आईचे परकर आहेत. गोधडी करतेय तुझ्यासाठी."

"इट्स मम्मीज स्कर्ट्स, डॅड. आजीज मेकिंग अ ब्लँकेट."

त्यांनी खांद्यावरची बॅग खाली ठेवली. मग बाहेर गेले आणि गाडीत जाऊन बसले. दिवे न लावता. मी खिडकीतून बघितलं आणि पडदा ओढला.

पुढचे काही दिवस ते उशिरा येऊ लागले. मी जेवण झाकून ठेवायचे. एका शनिवारी दुपारी ते भिजून आले आणि कोटाच्या आतून एक पिशवी काढली. पिशवीत साडी होती. निळी, पांढऱ्या फुलांची, नायलॉनची. ते दुकानांतून हिंडत होते हे तेव्हा कळलं.

ते नातीकडे वळले नाहीत. माझ्याकडेच बघून म्हणाले, "आई, एकच मिळाली. ही तिचीच ना? ती नेसायची ही. मला आठवते."

लेकीनं नायलॉन कधी अंगाला लावलं नाही. काठाला मशीनचा फॉल होता, माझा नव्हता. कुणा दुसऱ्याच बाईची साडी, कुठली, काय, कोण जाणे.

त्यांचे हात थंडीनं लाल झाले होते.

"हो," मी म्हणाले. "तिचीच."

त्यांनी ती माझ्या हातात दिली, घडी मोडू नये अशी. गोधडीला खालून अस्तर हवंच होतं. मी ती अस्तराला लावली. नायलॉनवर सुई घसरते, टाके बारीक येत नाहीत. घर हलायच्या आदल्या दिवशी पुरी झाली. नातीनं पालथी करून फुलांवर हात फिरवला आणि विचारलं, "आजी, मम्मी वोअर धिस वन व्हेन?"

मी म्हटलं, "बाबांना विचार."

आता मी सोलापुरात असते. नात रविवारी फोन करते. मागे तिचा पलंग दिसतो. अंथरूण तिचे बाबा घालतात आणि गोधडी नेहमी तशीच पसरतात, ती निळी, पांढऱ्या फुलांची बाजू वर करून.